आश्रयदाती, कदरदान की पाठराखीण?

प्रश्न असा आहे : निका डी कोनिग्स्वार्टर या रॉथशिल्ड या धनाढ्य बँकर घराण्यातल्या बाईवर मराठीत लेख लिहायचा आहे. इंग्रजीत तिला सर्रास जॅझची ‘पॅट्रन’ म्हणतात. ‘आश्रयदाती’ लिहिलं तर खटकतं, मग काय लिहावं?

खटकतं ते बरोबरच आहे. व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर दाता–दात्री, म्हणजे ‘आश्रयदात्री’ हे शुद्ध रूप. ‘आश्रयदाती’ही मराठीत चालून जातं. खरी अडचण अर्थाची आहे. ‘आश्रय’ म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली, हे ठरूनच गेलं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी ठेवलं, तो राजाश्रय. तिथे शब्द चपखल बसतो, कारण दरबार होता, नेमणूक होती. लॅटिन ‘पात्रोनुस’च्या पोटातही ‘पातेर’ म्हणजे बाप बसलेला आहे. निकाकडे यातलं काही नव्हतं, पैसा मात्र होता.

‘पोशिंदी’ तर नकोच. पोशिंदा म्हणजे शेतकरी, हे आता इतकं पक्कं झालंय की न्यूयॉर्कच्या हॉटेलात राहणाऱ्या बाईला तो शब्द लावला तर वाचक हसेल.

‘कदरदान’ मात्र विचारात घ्यावा असा आहे. यातलं ‘दान’ संस्कृत नव्हे, फारसी आहे, आणि त्याचा अर्थ देणं नसून जाणणं. (पिकदाणी, अत्तरदाणीतलं ‘दाणी’ आणखी तिसरंच, तेही फारसीच; ते भांड्याचं.) कदर जाणणारा तो कदरदान. शिवाय स्त्री-पुरुष दोघांनाही तसाच चालतो. निका आधी कदरदानच होती. पियानोवादक टेडी विल्सनने तिला जॅझचा पियानोवादक-रचनाकार थेलोनियस मंक याची ‘राउंड मिडनाइट’ची रेकॉर्ड ऐकवली, तिने ती लागोपाठ वीस वेळा ऐकली, असं ती सांगत असे. मंकची प्रत्यक्ष भेट व्हायला १९५४ साल आणि पॅरिस उजाडावं लागलं. कदर आधी, ओळख नंतर. संगीतकारांनीही तिची कदर सुरांतच केली : मंकची ‘पॅनोनिका’, होरेस सिल्व्हरची ‘निकाज ड्रीम’, जीजी ग्राइसची ‘निकाज टेम्पो’.

पॅनोनिका हे तिचं खरं नाव. वडील चार्ल्स रॉथशिल्ड बँकवाले, पण जीव किड्यांत रमलेला; त्यांनी लेकीला एका फुलपाखराचं नाव दिलं, असं ती सांगे. पुढे तिच्याच घराण्यातल्या एकीने शोध घेतला तर ते फुलपाखरू नव्हे, रात्री उडणारा पतंग निघाला. रात्रभर क्लबांतून फिरणाऱ्या बाईला ते जास्तच शोभतं, पण हे विषयांतर झालं.

तर, कदरदान म्हणून भागतं का? पूर्ण नाही. कदर पहिल्या रांगेत बसून, वाहवा देऊनही होते. मार्च १९५५मध्ये आजारी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर तिच्या स्टॅनहोप हॉटेलातल्या खोल्यांवर आला आणि तिथेच वारला, वय अवघं चौतीस. वर्तमानपत्रांनी तिची अब्रू वेशीवर टांगली, हॉटेलने तिला जागा सोडायला लावली. तरी तिने संगीतकारांची सोबत सोडली नाही. १९५८मध्ये डेलावेअरमध्ये पोलिसांनी तिची गाडी अडवली. गाडीत मंक आणि सॅक्सोफोनवाला चार्ली राउझ. पोलिसांनी मंकला मारहाण केली, गाडीत थोडा गांजा सापडला. तो माझा, असं निकाने सांगून टाकलं. मंकवर गांजाचा ठपका येऊ नये, ही तिची धडपड; न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला तेव्हा पोलिसांचं कार्ड लागायचं. मंकचं ते आधीच एकदा काही वर्षं काढून घेतलेलं होतं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सुटली, पण सुटेपर्यंत ती टांगती तलवार तिच्याच डोक्यावर होती.

याला मराठीत एकच शब्द आहे : पाठीराखा. पांडुरंग पाठीराखा, भाऊ पाठीराखा. स्त्रीलिंगी रूप ‘पाठीराखी’ होतंच, पण मी ‘पाठराखीण’ सुचवेन. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा सोबतीला जाते ती पाठराखीण. ती नवरीला काही ‘देत’ नाही. परक्या घरात तिच्याजवळ असते. निका आपल्या बेंटलीतून मंकला कार्यक्रमांना न्यायची-आणायची, आणि नेली नावाच्या त्याच्या बायकोशीही तिची मैत्री होती. शेवटची वर्षं मंक निकाच्याच, न्यूयॉर्कजवळच्या वीहॉकेनमधल्या, मांजरांनी भरलेल्या घरात राहिला. पियानोला जवळजवळ हातही लावत नसे. १९८२ साली तो गेला तोवर ती पाठीशी होती. वाजवत नसलेल्या वादकाला घरात ठेवून घेणं कुठल्या आश्रयदात्याच्या हिशेबात बसेल?

लिहिताना दोन गोष्टी जपा. ‘पाठराखण’ हे नाम हल्ली बातम्यांत भ्रष्ट लोकांना पाठीशी घालण्यापुरतंच उरलंय, त्यामुळे ‘निकाने मंकची पाठराखण केली’ लिहिलंत तर मंकने काही गुन्हा केल्यासारखं वाटेल. ‘मंकच्या पाठीशी उभी राहिली’ लिहा. आणि रूपं नीट चालवा : मालकीण–मालकिणीने, तसं पाठराखीण–पाठराखिणीने. ‘पाठराखणीने’ हे ‘पाठराखण’चं रूप.