चाळिशीपर्यंत रोज दूध प्यायलो, आता पोट बिघडतं. असं अचानक होऊ शकतं का?

हो, नक्की होऊ शकतं, आणि आपल्याकडे हे फार सर्रास दिसतं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं. लहानपणानंतर ते बहुतेकांचं हळूहळू कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांचं हेच होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जीवाणू तिच्यापासून वायू करतात, शिवाय ती पाणी ओढून घेते. म्हणून दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात. मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण भीतीने चहासुद्धा सोडून बसलेले असतात, आणि तेवढी गरज बहुधा नसते. २५० मिलि दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, अमृततुल्यच्या छोट्या कपात त्याचा थोडासाच भाग. जेवणासोबतचं ताजं दही-ताक, तूप, चक्क्यातलं बरंचसं पाणी निथळून गेलेलं श्रीखंड बहुतेकांना चालतं. आटवलेल्या दुधाची बासुंदी, खव्याचे पेढे आणि दूध-आइस्क्रीम दोन्ही असलेली मस्तानी मात्र जड जाते. दोन आठवडे दूध बंद करून बघा, मग अर्ध्या कपापासून पुन्हा सुरू करा. मात्र त्रास जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर सुरू झाला असेल, तर तो तात्पुरताही असू शकतो. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय किंवा रात्री पोटदुखीने जाग येतेय, तर दुधावर ठपका न ठेवता आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.