वाचकांचे प्रश्न : घरी बसून आरोग्य-नोंदींची पदवी

प्रश्न : लग्नानंतर मी अमेरिकेत आले, त्याला दहा वर्षे झाली. बी.कॉम. झाले आहे, आता ग्रीन कार्डही आहे आणि दोन्ही मुले शाळेत जाऊ लागली आहेत. एका कम्युनिटी कॉलेजचा ‘हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हा दोन वर्षांचा असोसिएट पदवीचा अभ्यासक्रम संपूर्ण ऑनलाइन असल्याचे वाचले. मला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि विज्ञान दहावीनंतर सुटले. हे शिक्षण मला झेपेल का आणि त्यातून नोकरी मिळेल का?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : नावातील ‘टेक्नॉलॉजी’ या शब्दामुळे अनेकांची तुमच्यासारखीच समजूत होते, म्हणून आधी तेच सांगतो. हा अभ्यासक्रम संगणक घडवणाऱ्यांचा नाही, तर रुग्णाची नोंद सांभाळणाऱ्यांचा आहे. ती नोंद पूर्ण आहे का, ती कोणाला दाखवता येते आणि कोणाला नाही, तिच्यावरून निदानाचा संकेतांक कोणता ठरतो आणि त्या संकेतांकावर रुग्णालयाला किती पैसे मिळतात, हा या शिक्षणाचा गाभा. हे काम संगणकापेक्षा जुने आहे. या व्यवसायाची संघटना 1928 मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात ‘रेकॉर्ड लायब्ररियन’ असेच शब्द होते. आज ती ‘अहीमा’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तेव्हा प्रोग्रॅमिंगची भीती सोडून द्या.

विज्ञानाची मात्र थोडी बाळगा. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच येतात आणि विद्यार्थी गळतात ते तिथेच. त्या मानाने वैद्यकीय परिभाषा मराठी शाळेत समास सोडवलेल्यांना परकी वाटत नाही. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ हा शब्द फोडला, तर कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी आणि एक्टॉमी म्हणजे कापून काढणे; अर्थात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. अशी दीड-दोनशे रूपे पाठ झाली की डॉक्टरांच्या टिपणाचा बराचसा भाग उलगडू लागतो.

कोडिंग, म्हणजे नोंद वाचून निदानाला संकेतांक देण्याचे काम, कसे असते, तेही जवळून पाहा. उजव्या मनगटाजवळ हाड मोडलेला रुग्ण आला, तर अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2015 पासून लागू असलेल्या आयसीडी-10-सीएम या पद्धतीत त्याचा संकेतांक एस52.501ए असा होऊ शकतो. त्यातील ‘एस52’ हा कोपर ते मनगट या भागातील अस्थिभंग दाखवतो, पुढचा 5 रेडियस हाडाचे मनगटाकडील टोक, 0 म्हणजे अस्थिभंगाचा प्रकार लिहिलेला नाही, 1 म्हणजे उजवा हात आणि शेवटचा ‘ए’ म्हणजे जखम न उघडलेल्या अस्थिभंगावर उपचार चालू आहेत. तोच रुग्ण हाड नीट जुळत असताना तपासणीला आला की ‘ए’च्या जागी ‘डी’ येतो. डॉक्टरांनी हात कोणता ते लिहिलेच नसेल, तर कोडरने अंदाज करायचा नसतो. डॉक्टरांना लेखी विचारायचे असते. ‘बहुधा न्यूमोनिया’ एवढेच लिहिले असेल, तर बाह्यरुग्णाच्या नोंदीत न्यूमोनियाचा संकेतांक देता येत नाही, खोकला किंवा ताप यांसारख्या लक्षणांचाच द्यावा लागतो. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडतानाच्या टिपणात तेच शब्द असतील, तर मात्र न्यूमोनियाचा देता येतो. अशा बारकाव्यांचा कंटाळा येत नसेल, तर हे काम तुमचे आहे. खतावणीत पैशाचा फरक शोधत बसण्याची सवय इथे उपयोगी पडते, हे मी वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना आवर्जून सांगत असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या पदवीचे खरे मोल आरएचआयटी (रजिस्टर्ड हेल्थ इन्फर्मेशन टेक्निशियन) या प्रमाणपत्राच्या परीक्षेत आहे आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी तुमच्या अभ्यासक्रमाला ‘कमिशन ऑन ॲक्रेडिटेशन फॉर हेल्थ इन्फर्मॅटिक्स अँड इन्फर्मेशन मॅनेजमेंट एज्युकेशन’ या संस्थेची मान्यता असावी लागते. कॉलेजला मान्यता असणे वेगळे आणि या विशिष्ट अभ्यासक्रमाला ती असणे वेगळे. जाहिरातीत ‘ॲक्रेडिटेड’ हा शब्द कॉलेजविषयी वापरलेला असतो आणि वाचणारा तो अभ्यासक्रमाला लावून मोकळा होतो. त्या कमिशनच्या संकेतस्थळावरील यादीत अभ्यासक्रमाचे नाव स्वतः शोधा. ‘मान्यतेसाठी उमेदवार’ असा शेरा दिसला, तर तुमची पदवी हातात पडेपर्यंत मान्यता मिळाली नाही तर काय होईल, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

‘संपूर्ण ऑनलाइन’ या शब्दांनाही मर्यादा आहेत. व्याख्याने रात्री मुले झोपल्यावर ऐकता येतील. पण काही परीक्षा ठरलेल्या वेळी कॅमेऱ्यासमोर द्याव्या लागतात. शिवाय अभ्यासक्रमात व्यावसायिक प्रात्यक्षिक असते. ते काही कॉलेजे आभासी पद्धतीने करून घेतात, तर काही विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णालयात पाठवतात आणि ती जागा विद्यार्थ्यानेच शोधावी, अशीही अपेक्षा काही ठिकाणी असते. प्रवेशाआधी हे विचारून घ्या.

वेळेचा हिशेबही मांडा. क्रेडिट हे अभ्यास मोजण्याचे एकक. एका क्रेडिटला आठवड्याला वर्गाचा एक तास आणि घरचा अभ्यास दोन तास, असे गणित धरले जाते. म्हणजे तीन क्रेडिटचा एक विषय नऊ तासांचा आणि चार विषय एकदम घेतले तर आठवड्याचे छत्तीस तास. पदवी साधारण साठ ते सत्तर क्रेडिटची असते. दोन वर्षांचा हट्ट न धरता, उन्हाळ्याचे सत्रही धरून, सत्राला दोन विषय घेऊन तीन-चार वर्षे लावली तरी बिघडत नाही. बी.कॉम.च्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घेतल्यास इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र यांसारख्या सामान्य विषयांत सूट मिळू शकते; मुख्य विषयांत ती धरून चालू नका. ग्रीन कार्ड असल्यामुळे ‘फाफ्सा’ अर्ज भरून केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीसाठी तुम्हाला प्रयत्न करता येईल. एच-4 व्हिसावरील, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या, वाचकांना शिकण्याची मुभा असते, पण ही मदत मिळत नाही आणि कामाचा परवाना असल्याशिवाय नोकरीही करता येत नाही.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. घरून कोडिंग करण्याच्या जागा आहेत, पण त्या बहुतेक अनुभवी लोकांना मिळतात आणि सोपे कोडिंग हळूहळू संगणकाकडे जात आहे. पहिली नोकरी नोंदणी कक्षात, बिलिंगमध्ये किंवा नोंदींच्या प्रती देण्याच्या विभागात मिळाली, तर ती कमी लेखू नका. 1996 च्या हिपा कायद्याने नोंदींच्या गोपनीयतेची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली असल्यामुळे हे काम वाटते तितके कारकुनी नाही आणि आतल्या आत पुढच्या जागेवर जाणे बाहेरून येण्यापेक्षा सोपे असते.

प्रश्न : पदवीच्या फंदात न पडता काही महिन्यांचा कोडिंगचा कोर्स केला तर चालणार नाही का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : केवळ कोडिंगच करायचे असेल, तर चालेल. सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) या प्रमाणपत्रासाठी पदवीची अट नाही. मात्र अनुभव नसेल, तर नावापुढे ‘सीपीसी-ए’ असे लागते आणि तो ‘ए’, म्हणजे शिकाऊ असल्याची खूण, पाहून अनेक ठिकाणी अर्ज मागे पडतो. पुढे पदवीचा विचार असेल, तर शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा हे दोन विषय खासगी क्लासऐवजी कम्युनिटी कॉलेजातच घ्या. प्रमाणपत्राच्या परीक्षेला ते उपयोगी पडतीलच आणि नंतर पदवीला प्रवेश घेतलात, तर त्यांची क्रेडिट्स बहुधा पुन्हा मिळवावी लागणार नाहीत.