मराठी फाँट हलका करताना

फाँटची अख्खी फाइल वेबसाइटच्या प्रोजेक्टमध्ये टाकू नका. तुम्हाला न लागणारी चिन्हंही वाचकाचा डेटा खातात. टर्मिनलवर 'पिप इन्स्टॉल फाँटटूल्स ब्रॉटली' चालवा. त्यातून 'पायएफटीसबसेट' हे फाँटमधली हवी तेवढीच चिन्हं ठेवणारं टूल मिळतं. ब्रॉटली ही फाइल दाबणारी लायब्ररी विसरलात तर वॉफ२, म्हणजे वेबसाठीची आटोपशीर फाँट फाइल, बनणार नाही.

खरी गोम देवनागरीच्या रेंजमध्ये, म्हणजे कोणती चिन्हं ठेवायची ते सांगणाऱ्या युनिकोड क्रमांकांमध्ये आहे. यू+०९०० ते ०९७एफ एवढंच देऊन बरेच जण थांबतात. मग स्पेस, स्वल्पविराम, इंग्रजी आकडे दुसऱ्याच फाँटमध्ये उमटतात आणि ओळ विचित्र दिसते. म्हणून ००२० ते ००७ई, तिरकी अवतरणचिन्हं आणि २००सी, २००डी हे दोन अदृश्य जोडणारे-तोडणारेही द्या. काही कीबोर्ड 'दऱ्या'मधला अर्धा र २००डी वापरूनच लिहितात.

जोडाक्षरांची यादी मात्र देत बसू नका. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' यांचे आकार टूल फाँटच्या नियमांमधून स्वतःच शोधतं. फक्त 'लेआउट-फीचर्स' हा अक्षरं जोडण्याचे कोणते नियम ठेवायचे ते सांगणारा पर्याय रिकामा ठेवण्याचा आगाऊपणा नको. मी केला होता. सगळे हलन्त उघडे पडले!

आणि एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' लिहा. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, नाहीतर बहुतेकदा हिंदी वळणाचे.