दोन शिक्षकी शाळेत कलेचा तास कसा घ्यायचा? मला ना गाता येतं, ना चित्र काढता येतं

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिली ते चौथीची शाळा आहे, गळा नाही, हात नाही, म्हणून कलेच्या तासाला फळ्यावर ‘निसर्गचित्र काढा’ लिहून मोकळ्या होता. बीडच्या धारूर तालुक्यात पहिली पाच-सहा वर्षं मीही तेच केलं. वेगळा कलाशिक्षक येईल या आशेवर राहू नका. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातली अंशकालीन कला निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही पट १००च्या वर असेल तर. आपल्याकडे आपणच.

‘निसर्गचित्र’ म्हटलं की दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात नारळ कुणाच्या दारात आहे? एकदा वैतागून म्हणालो, घरामागं काय दिसतं ते काढा. चौथीतल्या एकानं पानभर कडब्याची गंजी काढली आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढी आजी, हातात काठी. म्हटलं, आजी एवढी बारकी का रे? ‘सर, म्या गंजीवर बसलोय ना.’ त्या दिवसापासून फळ्यावर नमुना काढणं बंद केलं. चित्र येत नसणं हा शिक्षकाचा फायदाच आहे, असं माझं मत झालंय.

नाटकाचंही तसंच. आमच्याकडची निम्मी पोरं दसरा-दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. तिसरीतला एक असाच आलेला, पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. एका दुपारी वर्गात चादर, दोरी आणि पत्र्याचा डबा ठेवला. म्हटलं, यातनं काहीतरी करून दाखवा. संवाद दिले नाहीत. त्यानं दोन बाकांवर चादर टाकून कोपी (ऊसतोड्यांची झोपडी) केली, आत दोन पोरींना झोपवलं आणि डब्याला लाथ घातली, ‘उठा! चार वाजले, गाडी भरायची न्हाई का?’ मुकादम झाला होता गडी. पोरी मोळ्या उचलायला लागल्या. मधेच एकीनं विचारलं, ‘मुकादम, उचल फिटली का?’ (उचल म्हणजे तोडीआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे.) त्यानं हवेतली वही उघडली, पान उलटलं, बोटानं ओळ शोधली. ‘औंदा न्हाई.’ सगळे हसले, तो हसला नाही.

हे संमेलनात बसवू या, असं एकजण म्हणाले. मी नको म्हणालो. दहा तालमींनंतर त्या वहीत त्याला काही दिसलं नसतं. (डीजेवरच्या नाचाला माझा विरोध नाही. पालक खूश होतात, होऊ द्या. फक्त त्याला कलेचा तास म्हणू नका.)

कलेला संकलित मूल्यमापन (सत्राच्या शेवटची परीक्षा) नाही, सगळं आकारिकच, म्हणजे वर्षभर बघून केलेल्या नोंदी. त्यामुळे नोंदवहीत ‘आवडीने सहभागी होतो’ असं चाळीस वेळा उतरवू नका. मी लिहिलं, ‘न बोलता वहीचं पान उलटून दाखवलं.’ कोणी विचारलं तर सांगायला गोष्ट असते.

गाण्याची धास्ती असेल तर भारूड घ्या, त्यात निम्मं बोलणंच असतं. पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी दारावर येणारी माणसं भारुडांत उभी केली. पोरांना म्हणावं, आता तुमच्या दारावर कोण येतं? आमच्या वर्गात भंगारवाला आणि गॅसवाला झाले. ठेक्याला बाकडं आणि ताट पुरलं. ओव्या हव्या असतील तर कुणाच्या तरी आजीला बोलवा, नुसता चहा लागतो.

मातीकामात मात्र मी आपटी खाल्ली. पोळ्याला शेतातली काळी माती आणून बैल करवले, शनिवारी उन्हात ठेवले. सोमवारी निम्म्यांची शिंगं गळालेली, पाठीला भेगा. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, हे भूगोलात शिकवणारा मीच! गावातल्या कुंभारमामांनी सांगितलं ते असं: माती चाळायची, दोन दिवस भिजवायची, मग चाळलेली राख घालून पायानं तुडवायची. शिंगं जोडताना दोन्हीकडं ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा. वाळवायचं सावलीत, पहिला दिवस ओल्या फडक्याखाली. श्रावणातल्या अमावस्येच्या आधी दहा दिवस तरी माती आणून ठेवा, आणि चाळायचं काम पोरांनाच द्या. त्यांना ते बैलांपेक्षा जास्त आवडतं.