हॅस्केल घेऊन आयसीएफपी कॉन्टेस्टला उतरायचं का? उतरा, पण कुठे काय वापरायचं ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मी असा वाचला: तुम्ही तिघं मित्र, दिवसा जावाचं काम, वर्षभर संध्याकाळी हॅस्केल (फंक्शनल, म्हणजे फंक्शन्स जोडून प्रोग्राम लिहायची भाषा) शिकलात, आता आयसीएफपी प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्टला टीम घेऊन उतरायचंय, आणि तिघांतला एक म्हणतोय की शेवटी सी++ वालेच पुढे जातात, मग हॅस्केल कशाला. आणि तयारी कशी करायची ते पण विचारलंय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ही स्पर्धा १९९८ पासून दरवर्षी होते, इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन फंक्शनल प्रोग्रॅमिंग (म्हणजेच आयसीएफपी) या परिषदेच्या निमित्ताने. ७२ तास, प्रश्न एकच पण अवाढव्य, भाषा कुठलीही, टीममध्ये कितीही लोक, फी नाही, कुठे जायचं नाही, घरी बसून करायची. पहिल्या २४ तासांत जे काम होतं त्याचा साधारणपणे वेगळा निकाल लागतो, त्याला लाइटनिंग डिव्हिजन म्हणतात. जिंकणाऱ्याला पैसे फार नसतात, पण त्याची भाषा ही जाणकार हॅकर्सची आवडती भाषा आहे असं कॉन्फरन्समध्ये सगळ्यांसमोर जाहीर करतात, आणि त्यासाठी लोक तीन दिवस झोप सोडतात.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही. पहिल्याच वर्षी, १९९८ ला, सिल्कवाली टीम जिंकली, आणि सिल्क म्हणजे समांतर कामासाठी वाढवलेली सी. पण १९९९ आणि २००० ला लागोपाठ ओकॅमल, हॅस्केलसारखीच एक फंक्शनल भाषा, जिंकली, तेव्हा यावरून कुठल्याच बाजूने भांडण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर अमुक भाषा जिंकते आणि तमुक हरते असा हा मामलाच नाहीये. फंक्शनल सवयीचा फायदा प्रश्नाच्या काही भागांत प्रचंड होतो, काही भागांत तीच सवय आडवी येते, आणि हे दोन भाग कुठे वेगळे होतात ते तिसऱ्या-चौथ्या तासालाच ज्या टीमला दिसतं ती वर जाते. हे हवेत सांगून कळणार नाही म्हणून दोन जुने प्रश्न जरा जवळून दाखवतो, ते दोन्ही तुम्ही सोडवाच.

पहिला २००६ चा, कार्नेगी मेलनवाल्यांनी काढलेला. त्यांनी एका काल्पनिक मशीनचं वर्णन दिलं होतं, युनिव्हर्सल मशीन. ३२ बिटची ८ रजिस्टर्स, अवघ्या १४ इन्स्ट्रक्शन, आणि मेमरी म्हणजे अ‍ॅरेंचा ढीग, त्यातला शून्य नंबरचा अ‍ॅरे हाच चालू प्रोग्राम. सोबत एक मोठी बायनरी फाइल आणि तिची किल्ली. मशीन नीट बनवलं की त्या फाइलमधून अख्खी युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम बाहेर पडते, तिच्यात लॉगिन, मेल, दुसऱ्या युजर्सचे पासवर्ड शोधणं, टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेम, रोमन आकड्यांतलं बेसिक, आणि चित्रासारखी दोन मितींत लिहायची एक भाषा. खरे गुण सगळे आत, पण दार उघडायला मशीन पाहिजे.

आता हॅस्केल शिकलेला माणूस हे वर्णन वाचतो आणि त्याला लगेच सुंदर काहीतरी सुचतं: इन्स्ट्रक्शनसाठी एक डेटा टाइप, मशीनची अवस्था म्हणजे एक रेकॉर्ड, अ‍ॅरेंचा ढीग म्हणजे एक मॅप, आणि एक पायरी म्हणजे जुनी अवस्था घेऊन नवी देणारं शुद्ध फंक्शन. तासाभरात लिहून होतं आणि बरोबरही चालतं, फक्त इतकं हळू चालतं की काही उपयोग नाही, कारण ही मशीन कोट्यवधी पायऱ्या चालवायला लागते आणि प्रत्येक पायरीला इम्युटेबल (एकदा बनवला की न बदलणाऱ्या) अ‍ॅरेची नवी कॉपी किंवा मॅपमध्ये शोधाशोध परवडत नाही. वर लेझीनेसमुळे (गरज पडेपर्यंत हिशोब न करायची हॅस्केलची सवय) न मोजलेल्या हिशोबांचे ढीग मेमरीत साचतात ते वेगळंच. इथे एसटी किंवा आयओमध्ये (हॅस्केलमध्ये जागच्या जागी बदल करायच्या दोन सोयी) जायचं, अनबॉक्स्ड म्युटेबल अ‍ॅरे (थेट आकडे ठेवणारे, बदलता येणारे) घ्यायचे, फील्ड्स स्ट्रिक्ट (लगेच मोजल्या जाणाऱ्या) करायच्या, मोकळे झालेले अ‍ॅरे नंबर पुन्हा वापरायला एक यादी ठेवायची. हे सगळं हॅस्केलमध्येच होतं, सी++ लागत नाही, पण दिसायला ते सीसारखंच दिसतं आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

त्यातली एक जागा मुद्दाम बघा. १२ नंबरची इन्स्ट्रक्शन सांगते की दिलेल्या अ‍ॅरेची कॉपी करून ती शून्य नंबरला ठेव आणि अमुक ठिकाणापासून पुढे चाल. पण प्रोग्रामला नुसती उडी मारायची असते तेव्हाही हीच इन्स्ट्रक्शन वापरतात, फक्त दिलेला अ‍ॅरेच शून्य नंबरचा असतो. म्हणजे शून्याची कॉपी शून्यावर. स्पेकमध्ये (म्हणजे दिलेल्या वर्णनात) जुनाट भारदस्त भाषेत लिहिलेलं आहे की हा प्रकार अत्यंत वेगाने झाला पाहिजे, पण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं आणि मग प्रत्येक उडीला अख्खा प्रोग्राम कॉपी होत राहतो. एक इफ टाकला की मशीन पळायला लागतं. स्पेक दोघांनी वेगवेगळं वाचा असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी. आणि हो, बेरीज-गुणाकार ३२ बिटांत गुंडाळले गेले पाहिजेत, हॅस्केलमध्ये वर्ड३२ घेतलं की झालं, ओकॅमलमध्ये साधा इंट ६३ बिटचा असतो त्यामुळे वरचे बिट कापायला मास्क लावायला लागतो.

आता दुसरा, लगेच पुढच्या वर्षीचा, २००७, उट्रेक्टवाल्यांचा. एन्डो नावाचा परग्रहावरचा प्राणी, त्याचा डीएनए म्हणजे आय, सी, एफ, पी या चार अक्षरांची साधारण ७५ लाख लांबीची ओळ. ही ओळ स्वतःच प्रोग्राम आहे: सुरुवातीचा तुकडा वाचून पॅटर्न काढायचा, मग टेम्प्लेट, मग उरलेल्या ओळीवर पॅटर्न जुळवून पुढचा भाग बदलायचा, आणि परत पहिल्यापासून. असं लाखो वेळा. त्यातून आरएनए निघतो, आरएनएमधून ६०० बाय ६०० चं चित्र. तुम्ही ओळीच्या पुढे एक छोटा तुकडा जोडायचा, असा की निघणारं चित्र हव्या असलेल्या चित्राच्या जवळ जाईल, तुकडा जितका आखूड तितकं चांगलं.

इथे सी++ वाला नुसती स्ट्रिंग घेऊन बसला तर तो अडकतो, कारण प्रत्येक फेरीला लाखो अक्षरं इकडची तिकडे हलवायची म्हणजे दिवस संपतील. इथे पाहिजे रोप, म्हणजे ओळीच्या तुकड्यांचं झाड, ज्यात मधला भाग काढणं आणि दोन भाग जोडणं झाडाच्या उंचीइतक्याच कामात होतं. आणि इथे इम्युटेबल असणं हे वरदान आहे! मूळ ओळ कोणी बदलणारच नाही याची खात्री असल्याने दहा तुकडे एकाच जागेकडे बोट दाखवून बसू शकतात, कॉपी करायचीच गरज नाही. हॅस्केलमध्ये डेटा डॉट सीक्वेन्स ही लायब्ररी तयार आहे, सुरुवात त्याने करा, पण प्रत्येक अक्षर वेगळं ठेवलं तर मेमरी फार खाते म्हणून मोठ्या तुकड्यांचं स्वतःचं झाड शेवटी लिहावं लागतं. साठ-सत्तर ओळींचं काम आहे. पॅटर्न आणि टेम्प्लेटचा पार्सर तर अल्जेब्राइक टाइप असले की जवळजवळ स्पेकमधून उतरवून घेता येतो.

तर एकाच स्पर्धेत, लागोपाठच्या दोन वर्षी, एकदा म्युटेबल अ‍ॅरेशिवाय गती नाही आणि एकदा इम्युटेबल झाडाशिवाय गती नाही. तुमच्या मित्राला हे दोन प्रश्न हातात द्या, मग चर्चा करा.

बाकीची वर्षं भराभर सांगतो. भाषा आणि इंटरप्रिटरकडे झुकणारे प्रश्न बरेच येतात, काढणारी मंडळी त्याच जगातली असतात ना. २०११ ला पत्त्यांसारखा खेळ होता, पत्ते म्हणजे एस, के, आय वगैरे कॉम्बिनेटर (एकमेकांना जोडायची छोटी ठरलेली फंक्शन्स), दोन्हीकडे २५६ स्लॉट, आणि तुम्हाला कॉम्बिनेटर जोडून जोडून हल्ल्याचं फंक्शन तयार करायचं. २०१३ ला ६४ बिट आकड्यांवर चालणारा छोटासा गुप्त प्रोग्राम ओळखायचा, एक प्रश्न उघडला की ५ मिनिटांत उत्तर, तिथे सगळ्या शक्य प्रोग्रामची झाडं क्रमाने तयार करायला हॅस्केलसारखी मजा दुसरीकडे नाही. २०१४ ला पॅकमनसारखा खेळ पण खेळाडूचा मेंदू त्यांनी दिलेल्या स्टॅक मशीनच्या कोडमध्ये लिहायचा, म्हणजे पहिल्या दिवशी गुपचूप छोटा कंपायलर लिहून टाकणारे सुखी. २०२० आणि २०२४ ला पण लॅम्डा एक्स्प्रेशन (नुसत्या फंक्शन्सनी लिहिलेला हिशोब) सोडवणारा इव्हॅल्युएटर आधी लागत होता, आणि तिथे एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवणं, शेअरिंग, हे ज्याला कळतं तो वाचतो.

२०१६ चा ओरिगामीचा प्रश्न पण आठवतोय, कागदाच्या घड्या घालून दिलेला आकार काढायचा. कोऑर्डिनेट्स अपूर्णांकात, अंश-छेद वाटेल तेवढे मोठे, आणि फ्लोटिंग पॉइंट घेतला की घडी जुळत नाही. हॅस्केलमध्ये रॅशनल भाषेतच आहे, एक टाइप लिहिला आणि पुढे गेलो. दुसरीकडे लोक बिगइंटची लायब्ररी शोधत होते.

पण २०२३ सारखं वर्षही येतं. स्टेजवर वादक कुठे कुठे उभे करायचे की श्रोत्यांना जास्तीत जास्त आवडेल, मध्ये दुसरा वादक आला की आवाज अडतो. भाषा नाही, इंटरप्रिटर नाही, निव्वळ ऑप्टिमायझेशन. तिथे सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग (छोटे छोटे बदल करून बघायचे, सुरुवातीला कधी वाईट बदलही चालवून घ्यायचा) लावायचं आणि सेकंदाला जितके जास्त बदल तपासून होतील तितका स्कोअर. असल्या वर्षी आतला गरम लूप (सगळ्यात जास्त वेळा चालणारा भाग) सी++ किंवा रस्टमध्ये लिहायला अजिबात कचरू नका, बाकीचं सगळं (फाइल वाचणं, सर्व्हरशी बोलणं, उत्तरं तपासणं, कुठलं उत्तर सगळ्यात चांगलं ते जपून ठेवणं) हॅस्केलमध्ये राहू दे. तुम्हाला जावा रोजची आहे, तर गरम लूप जावात लिहिला तरी चालेल, जेव्हीएम त्या कामाला बऱ्यापैकी वेगवान आहे आणि रात्री दोन वाजता हाताला सवयीची भाषा लागते.

आणि व्हिज्युअलायझर, म्हणजे उत्तर चित्रात दाखवणारा प्रोग्राम. हे मी कळकळीने सांगतो कारण फंक्शनलवाल्या टीम हेच सोडून देतात. टाइप्स बरोबर जुळले, टेस्ट पास झाल्या की आपल्याला वाटतं झालं, पण उत्तर वाईट का येतंय ते आकड्यांतून दिसत नाही, चित्रातून पाच सेकंदांत दिसतं. एकाने पहिल्या दुपारीच ब्राउझरमध्ये चालणारं साधं चित्र काढायला बसायचं, साधं जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास पुरे. तिघं असाल तर वाटणी सरळ आहे: एक स्पेक आणि सिम्युलेटर, एक व्हिज्युअलायझर आणि सबमिशन, एक पहिल्या तासापासून कागदावर सोल्व्हरचा विचार. पहिलं काहीतरी भंगार उत्तर रात्री झोपायच्या आधी सबमिट झालंच पाहिजे, मग सुधारत बसा.

डिसेंबरातल्या अ‍ॅडव्हेंट ऑफ कोडबद्दल (रोज एक प्रोग्रॅमिंगचं कोडं देणारा ऑनलाइन उपक्रम) विचारलंत. एरिक वॉस्टल २०१५ पासून चालवतोय, आपल्याकडे सकाळी साडेदहाला प्रश्न उघडतो, २०२५ पासून २५ ऐवजी १२ दिवसांचा केलाय आणि जागतिक लीडरबोर्डही काढून टाकला. पार्सिंगला हात बसायला उत्तम, जरूर करा, पण तिथे उत्तर एकच आणि बरोबर किंवा चूक, ७२ तास एकाच कोडवर तिघांनी काम करायची सवय त्याने लागत नाही. त्यासाठी जुना आयसीएफपीचा प्रश्न घेऊन एक शनिवार-रविवार खरोखर घड्याळ लावून बसा.

वेळेचं सांगायचं तर अलीकडे बहुतेकदा शुक्रवारी युटीसीच्या दुपारी १२ ला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच, आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला संपते. सोमवारची रजा आधीच टाका, शेवटचे दोन तास सगळ्यात जास्त स्कोअर हलतो आणि तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून काही होत नाही. पहिल्या वर्षी लक्ष्य लाइटनिंगचं ठेवा, म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंतचं, पुढे जमलं तर चालू ठेवा.

सुरुवात २००६ पासून करा. आयोजकांनी सँडमार्क नावाची एक टेस्ट फाइलही दिलेली आहे, ती तुमच्या मशीनवर चालवा आणि किती वेळ लागला ते इथे टाका. मिनिटांच्या मिनिटं लागत असतील तर कोड आणि प्रोफायलरचा (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) आऊटपुट दोन्ही टाका, कुठे अडतंय ते मी बघून सांगतो.