एफएल स्टुडिओमध्ये साइडचेन लावलं, पण किक आणि बेसचा गढूळपणा जात नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोळीगीताचा रिमिक्स करताय, किक (ड्रमचा 'धम्म' ठोका) आणि बेस (खालच्या सुरांचं वाद्य) एकत्र आले की खालचा सगळा आवाज गढूळ होतो. व्हिडिओ बघून साइडचेन (किक वाजली की बेस आपोआप दबावा अशी जोडणी) लावलं तेव्हा पहिल्यांदा काहीच फरक पडला नाही, आणि दुसऱ्यांदा किकच फुगल्यासारखी झाली. मी अलिबागकडे घरीच असली कामं करतो, आणि या दोन्ही चुका मीही केल्यात, त्याही एकाच रात्री.

आधी ती फुगलेली किक बघू. मिक्सर उघडा (एफ९). समजा किक १ नंबरच्या ट्रॅकवर आहे आणि बेस २ वर. किकचा ट्रॅक निवडून ठेवा आणि मग बेसच्या ट्रॅकच्या तळाशी जो छोटा बाण आहे त्यावर राइट क्लिक करा. जी यादी उघडते तिच्यात 'राउट टू धिस ट्रॅक' असतं आणि 'साइडचेन टू धिस ट्रॅक'ही असतं. घाईत पहिलं दाबलं जातं. तसं झालं की किकचा आवाज खरोखरच बेसच्या ट्रॅकमध्ये शिरतो. म्हणजे किक मास्टरला (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) एकदा सरळ जाते आणि एकदा बेसच्या कॉम्प्रेसरमधून (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लगिनमधून) दबून जाते. दोन किका एकावर एक, मग फुगणार नाही तर काय! 'साइडचेन टू धिस ट्रॅक' दाबलं की आवाज मिसळत नाही, बेसवर बसवलेल्या प्लगिनला किक नुसती ऐकू येते. आपल्याला तेवढंच हवंय.

'काहीच फरक पडला नाही' याचं कारण पुढच्या पायरीत असतं. बेसच्या ट्रॅकवर फ्रूटी लिमिटर टाका (एफएलचंच प्लगिन, कॉम्प्रेसर त्यातच असतो). तो उघडतो लिमिटरच्या पानावर, तिथून 'कॉम्प'वर जा. मग साइडचेनच्या चौकटीवर राइट क्लिक करून किकचा ट्रॅक निवडा. हे राहिलं तर कॉम्प्रेसर बेसचाच आवाज ऐकून बेसला दाबत बसतो. मीटर हलतं, आपल्याला वाटतं काम चालू आहे, आणि कानाला काही म्हणजे काही कळत नाही.

जोडणी इथे संपली. यापुढचं कानाचं काम.

थ्रेशोल्ड, म्हणजे आवाज ज्या पातळीच्या वर गेला की कॉम्प्रेसर दाबायला लागतो ती, ठरवताना लोक बेसच्या आवाजाकडे बघतात. पण आता कॉम्प्रेसर किक ऐकतोय, त्यामुळे थ्रेशोल्ड किकच्या पातळीवरून लावायचा. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ ठेवला आणि किक थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेली, तर त्या ८ मधले २ उरतात आणि बेस ६ डेसिबलने खाली बसतो. गढूळपणा काढायला ३ ते ६ डेसिबल पुष्कळ झाले. क्लबमधल्या गाण्यांत सगळं संगीत श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं, तसं हवं असेल तर १० च्या पुढे जा. पण ती वेगळी चव आहे, आणि कोळीगीताला ती दरवेळी मानवतेच असं नाही.

अटॅक (दाबायला लागणारा वेळ) अगदी शून्यावर नेऊ नका. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात. तिला मध्येच कापलं की बारीक 'टक' असा आवाज येतो. ३ ते ५ मिलिसेकंदांपासून सुरू करा, टक ऐकू आला तर आणखी वाढवा.

आता रिलीज, म्हणजे दबलेला आवाज परत वर यायला लागणारा वेळ. माझ्या मते नव्वद टक्के साइडचेन इथे बिघडतं. साधा हिशोब सगळे सांगतात: ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके त्याने) भागा, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मिळतं. १२० बीपीएमला ५००. पुढची किक यायच्या आत बेस पूर्ण वर आला पाहिजे, म्हणून रिलीज त्याहून बराच कमी ठेवायचा, १०० ते २०० च्या आसपास. हे बरोबरच आहे. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते. रिलीजचं घड्याळ किक सुरू झाल्यावर नाही, किक थ्रेशोल्डच्या खाली उतरल्यावर चालू होतं. तुमची किक लांब शेपटीची असेल, ८०८ या जुन्या ड्रम मशीनच्या वळणाची, तर ती स्वतःच ३००-४०० मिलिसेकंद वर राहते. तेवढा वेळ बेस दबलेला, त्यावर रिलीजचे २००, आणि तोवर पुढची किक दारात उभी. बेसला मान वर काढायला जागाच मिळत नाही. मग आपण म्हणतो बेस बारीक वाटतोय, आणि त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो. गढूळपणा परत.

यावर उपाय म्हणजे मुकी किक. किकचा चॅनेल क्लोन करा, त्यात एखादा आखूड, टणक सॅम्पल घाला आणि त्याला मिक्सरमध्ये स्वतंत्र ट्रॅक द्या. त्या ट्रॅकची मास्टरकडे जाणारी जोडणी बंद करा, म्हणजे तो कुणालाच ऐकू येणार नाही. आता बेसला साइडचेन करायचा तो हा मुका ट्रॅक, खरी किक नव्हे. बेस किती वेळ दबलेला राहणार हे त्यामुळे सर्वस्वी तुमच्या हातात येतं. दुसरा फायदा मला उशिरा कळला. एफएलमध्ये फेडरमधून गेल्यानंतरचा आवाज साइडचेनला जातो, त्यामुळे मिक्स करताना खऱ्या किकचा आवाज दोन डेसिबल कमी केला की बेसचं दबणंही कमी होतं आणि सगळं पुन्हा लावत बसावं लागतं. मुक्या किकला हात लावायची वेळच येत नाही.

तुमचं कोळीगीत आहे म्हणून एक खास अडचण. ठेका ६/८ चा (सहा अष्टमांश, तीन-तीनच्या दोन गटांत) असणार. बाजारात व्हॉल्यूम खाली-वर करणारी जी तयार प्लगिनं मिळतात, ती उघडल्यावर सहसा १/४ वर (दोन अष्टमांशांवर) असतात, म्हणजे चारच्या तालाला धरून. समजा प्रोजेक्टचा टेम्पो १५० आहे. १/४ म्हणजे ४०० मिलिसेकंद. पण तुमची किक तीन-तीन अष्टमांशांवर पडत असेल तर दोन किकांत अंतर आहे ६०० चं. प्लगिन आपल्या ४०० च्या चालीने बेसला ढकलत राहतं आणि ठेक्याचा पाय घसरतो. तिथे डॉटेड १/४ (दीडपट, म्हणजे ६००) निवडा. कॉम्प्रेसर वापरलात तर हा प्रश्न येत नाही, कारण तो किक पडेल तेव्हाच दाबतो. वरचा रिलीजचा हिशोबही मग ६०० धरून करा.

रीपर हे दुसरं असंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: किकच्या ट्रॅकचं राउट बटण ओढून बेसच्या ट्रॅकवर सोडा, सेंडमध्ये आवाज ३/४ या चॅनेलांवर पाठवा, 'प्री-फेडर' निवडा, बेसवर रीकॉम्प (रीपरचा कॉम्प्रेसर) टाका आणि डिटेक्टर इनपुटला 'ऑक्झिलरी इनपुट' करा. एबलटन या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेसरचा छोटा त्रिकोण उघडला की साइडचेन आणि 'ऑडिओ फ्रॉम' समोरच दिसतं.

आता माझी फजिती. दोन लग्नसराईंपूर्वी असाच एक रिमिक्स केला होता. साइडचेन नुकतं जमायला लागलेलं, हाताला चटक लागलेली. बेसला लावलं, मग पॅडला (मागे सलग धरलेल्या सुरांना), मग ओघात पेटीलाही. रात्री दोन वाजता हेडफोनवर फार भारी वाटलं. सकाळी ज्यांनी गाणं गायलं होतं त्या मावशींना फोनवरून ऐकवलं. त्यांनी कडवंभर ऐकलं आणि म्हणाल्या, "बाला, पेटीला दमा झालाय का रे?" झालाच होता. प्रत्येक ठोक्याला पेटी धाप टाकत होती. पेटीचा सूर सलग धरलेला असतो, त्यामुळे जरा दाबला तरी लगेच कळतं. शिवाय किकशी तिचं भांडणही नव्हतं, किकचं मूळ ५०-६० हर्ट्झला आणि पेटीचा आवाज त्याच्या कितीतरी वर. पेटीवरचं काढून टाकलं, बेसवरचं ४ डेसिबलवर आणलं.

म्हणून साइडचेन लावण्याआधी पाच मिनिटं एवढं करून बघा: प्लगिन बंद करा, बेस ३ डेसिबल कमी करा आणि गाणं मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज) ऐका. कित्येकदा गढूळपणा तिथेच निम्मा होतो. बेसमध्ये वरचा भागही भरपूर असेल, बोटांची खरखर वगैरे, तर बेसच्या दोन प्रती करा. एकीवर १२० हर्ट्झच्या खालचं ठेवा, दुसरीवर वरचं, आणि साइडचेन फक्त खालच्या प्रतीला लावा. बेसचा चेहरा जागेवर राहतो, पोट तेवढं आत जातं.

किकऐवजी खऱ्या ढोलकीवर बेस दाबायचा असेल तर मात्र वरची मांडणी जशीच्या तशी चालत नाही. ढोलकीची प्रत्येक थाप वेगळ्या जोराची, आणि कॉम्प्रेसर शाईकडचे कडक बोलही ऐकतो, त्यामुळे बेस नको तिथे दचकतो. ढोलकीचा ट्रॅक एका रिकाम्या ट्रॅकला राउट करा, तिथे फ्रूटी पॅरामेट्रिक ईक्यू २ टाकून १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, त्या ट्रॅकची मास्टरची जोडणी तोडा आणि तोच बेसला साइडचेन करा. मग कॉम्प्रेसरला फक्त धुमाचा (ढोलकीच्या खालच्या सुराच्या बाजूचा) घुमारा ऐकू येतो. रीपरमध्ये एवढा खटाटोप नाही, रीकॉम्पचा लोपास (वरचे सूर कापणारी सोय) १५० वर आणला की झालं. रेशो मात्र इथे २:१ च्या पुढे नेऊ नका, वादकाने मुद्दाम हलकी सोडलेली थाप आणि जोराची थाप यांतला फरक बेसमध्येही ऐकू यायला हवा.