अवजड यंत्रे ठेवायची कुठे?

प्रश्न : लंडनचे सायन्स म्युझियम पाहताना कळले की, संग्रहाचा फार थोडा भाग दालनांत मांडलेला असतो. मग विमानांसारख्या प्रचंड वस्तू ठेवतात कुठे, आणि त्यांना गंज कसा लागत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या वस्तू इंग्लंडमधीलच स्विंडन शहराजवळच्या रॉटन या गावी आहेत. दुसऱ्या महायुद्धातील हवाई दलाचा तेथील तळ संग्रहालयाने १९७९ मध्ये घेतला, आणि लॉकहीड कॉन्स्टेलेशन, बोइंग २४७ यांसारखी प्रवासी विमाने तिथल्या हँगरमध्ये आली. जागेचा प्रश्न त्यामुळे सुटला, हवेचा सुटला नाही.

हँगरमधली हवा बाहेरच्या हवेबरोबर तापते आणि निवते. काही टनांचे ओतीव लोखंड मात्र तितक्या लवकर तापत नाही. रात्रभर गार झालेल्या यंत्रापाशी सकाळची उबदार, दमट हवा पोचली की, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा त्याला घाम फुटतो. ते पाणी बोल्टाच्या कडेला, दोन पत्र्यांच्या सांध्यात, म्हणजे जिथे फडके पोचत नाही नेमके तिथे साचून राहते आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून हवा कोरडी ठेवण्याइतकेच तिचे तापमान एकाएकी बदलू न देणेही महत्त्वाचे असते. २०१२ मध्ये रॉटनला भांगेच्या खोडाचा भुसा आणि चुना यांच्या जाड भिंतींचे कोठार बांधले गेले. या भिंती दमटपणा शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. पुढे तिथेच उभारलेल्या हॉकिंग इमारतीत तीन लाखांहून अधिक वस्तू ठेवल्या असून २०२४ पासून लोकांनाही ती पाहता येते.

वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात व रबराला चिरा पडतात. यासाठी आसाखाली आधार देऊन चाकांवरचा भार काढावा लागतो. टाकीतले इंधन उपसणे, बॉयलरभोवतीच्या ॲस्बेस्टॉसची (उष्णता रोखणाऱ्या, पण फुप्फुसांना घातक तंतूंची) नोंद ठेवणे ही कामेही आलीच. मला सर्वांत जपून हाताळण्याजोगी वाटते ती जुन्या विमानांतील मापकांची, रेडियम मिसळलेल्या रंगाने आकडे रंगवलेली तबकडी. तिचे आकडे आता अंधारात चमकत नाहीत, म्हणून ती निर्धोक झाली असे अनेकांना वाटते. पण निकामी होतो तो रंगातला चमकणारा पदार्थ, रेडियमचा किरणोत्सार निम्म्यावर यायला सुमारे १,६०० वर्षे लागतात, आणि त्यामुळे अशा तबकडीची काच पूर्वतपासणीशिवाय कोणीही उघडता कामा नये.